उंदराच्या पिल्लांची दृष्ट

आधीच सांगून ठेवते, माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाहीत, आणि अक्षर म्हणजे ओल्या भुशावरून उंदीर चालून गेल्यासारखं आहे. त्याबद्दल माफी मागते. मागताना हसूही येतं, कारण हे मी कोणाला दाखवणारच नाही. संस्थेच्या दिवाळी अंकाचं बघणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "सुमनताई, एवढी वर्षं उंदीर सांभाळलेत, लिहा ना चार पानं." मी मान खाली घालून नाही म्हटलं. चार माणसांत माझ्या तोंडून आवाज फुटत नाही, मग एवढी माणसं वाचणार म्हटल्यावर हात कसा चालेल? पण रिटायर झाल्यापासून दुपार सरत नाही. म्हणून पाठकोऱ्या कागदांवर लिहिते आहे. लिहून झालं की गादीखाली.

माझी नोकरी अंधेरी पूर्वेच्या एका संशोधन संस्थेत होती. तळमजल्यावर प्राणी ठेवायची जागा, तिला आम्ही सगळे अ‍ॅनिमल हाऊस म्हणायचो. तिथे पांढरे उंदीर पाळतात. मुंबईत उंदीर मारायला पगारी माणसं ठेवतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. उंदीर सांभाळायलाही पगार मिळतो, यावर घाटकोपरच्या आमच्या गल्लीत कोणाचा विश्वास बसला नाही. शेजारीण दर पावसाळ्यात दारात यायची. "सुमन, आमच्या मोरीत एक मोठा झालाय. तुझं ऐकतो का बघ ना."

भाचीला बघायला पाहुणे आले तेव्हा त्यांनी विचारलं, "मावशी काय करतात?" बहीण ऐटीत म्हणाली, "रिसर्चमध्ये आहे." पाहुणे सरसावून बसले. "कशातला रिसर्च?" आता मला खोटं बोलता येत नाही. खरं सांगितलं. पाहुण्यांनी पोह्यांची बशी हळूच खाली ठेवली. लग्न झालं पुढे, दुसरीकडे. त्या घरी मांजर आहे, म्हणून मी फारशी जात नाही. मांजराचा वास अंगाला लागला की दुसऱ्या दिवशी माझे उंदीर माझ्याकडे पाठ करून बसायचे.

काम म्हटलं तर सोपं. पिंजरे धुवायचे, खाली मक्याच्या कणसाचा भुसा घालायचा, बाटल्या भरायच्या, गोळ्यांचं खाणं टाकायचं. पण आत जायचं तर अंगरखा, टोपी, मास्क, हातमोजे. पावडर नाही, डोक्याला तेल नाही, गजरा तर नाहीच. शेवंताबाई, म्हणजे माझ्याबरोबर काम करणारी, तिचा गजरा रोज लॉकरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत दिवसभर बसायचा आणि संध्याकाळी केसांत जायचा तेव्हा तो गजरा कमी आणि भाजी जास्त दिसायचा. उंदरांना बारा महिने एसी. लाईट गेली तर त्यांच्यासाठी जनरेटर. घरी आमचा पंखा तीनवर ठेवला तर एकच्या वेगाने फिरतो, हे मी कधीतरी भाऊसाहेबांना सांगितलं होतं.

भाऊसाहेब म्हणजे उंदीर. पैदाशीचा नर, भला दांडगा, मिशा अशा की ग्रामपंचायतीला उभा राहिला असता तर निवडून आला असता. एकदा पिंजऱ्याचं झाकण नीट बसलं नाही आणि भाऊसाहेब जिन्याने वर अकाउंट्समध्ये गेले. तिथे नाईक म्हणून क्लार्क होते. नाईकांनी नुकताच डबा उघडला होता, बांगड्याचं तिखलं. मी पोचले तेव्हा नाईक टेबलावर उभे होते आणि भाऊसाहेब त्यांच्या खुर्चीवर, पुढच्या दोन्ही पायांनी मिशा साफ करत. बघणाऱ्याला वाटावं की साहेब ते आहेत आणि टेबलावरचा माणूस अर्ज घेऊन आलाय.

"घेऊन जा! घेऊन जा त्याला!" नाईक ओरडत होते.

मी भाऊसाहेबांना उचललं. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, "चावत नाही हो, साहेब."

"मी विचारलं का चावतो का? मी विचारलं का?"

तेव्हापासून नाईकांनी आमच्या खात्याशी दावा धरला. साबणाचं बिल गेलं तरी त्यात शंका काढायचे. हे लक्षात ठेवायला हवं, पुढे लागणार आहे.

आता मुख्य गोष्ट. अश्विनी मॅडम सांगलीकडच्या. पीएचडी करायला आल्या तेव्हा उंदराला चिमट्याने धरायला बघत होत्या, तिथपासून मी त्यांना ओळखते. वडील म्हणाले होते, तीन वर्षं देतो, मग लग्न. पाच झाली होती. आधीचे दोन प्रयोग काही ना काही होऊन बसले होते. विद्यावेतनाचं हे शेवटचं वर्ष. हा प्रयोग उभा राहिला तर डिग्री, नाहीतर बॅग भरून सांगली. दर सोमवारी वडिलांचा फोन यायचा आणि मॅडम तो घ्यायला पिंजरे धुवायच्या खोलीत यायच्या, कारण तिथे मशीनच्या आवाजात त्यांना म्हणता यायचं, "काही ऐकू येत नाही बाबा."

प्रयोग काय होता ते माझ्या समजुतीने लिहिते. कुठल्याही जिवाला भीती वाटली की मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली एक गाठ असते, तिच्यातून रस सुटतो आणि रक्तात जातो. तो रस वाईट नाही. पळायला बळ तोच देतो. पण धोका टळल्यावर पुरे म्हणणारं कोणी हवं. मेंदूत तो रस पकडणाऱ्या बारीक बारीक जागा असतात, मॅडम त्यांना रिसेप्टर म्हणायच्या. रस तिथे येऊन बसला की मेंदूला कळतं, निरोप पोचला, आता थांबवा. मी ते कुकरवरून लक्षात ठेवलं. शिट्टी होते, कोणाचे तरी कान असतात, ती उठून गॅस बंद करते. घरात ऐकणारे कान कमी असले तर शिट्ट्यांवर शिट्ट्या होत राहतात आणि डाळीची पेज होते.

मॅडमचा प्रश्न असा होता, की अगदी तान्हेपणी अंगात मोठी सूज येऊन गेली, म्हणजे बाहेरची नाही, आत जंतूंशी लढताना जी आगआग होते ती, तर मोठेपणी मेंदूतले हे कान कमी होतात का? म्हणून काही पिल्लांना जन्मल्यावर तीन-चार दिवसांनी मेलेल्या जंतूंच्या टरफलाचं इंजेक्शन द्यायचं. जंतू मेलेला, त्यामुळे आजार होत नाही, पण अंगाला वाटतं शत्रू आला, आणि ते पेटून उठतं, ताप येतो. दुसऱ्या पिल्लांना नुसतं मिठाचं पाणी. मग सगळ्यांना आईजवळ सोडायचं आणि अजिबात हात लावायचा नाही. मोठे झाले की एकेकाला थोडा वेळ काचेसारख्या अरुंद नळीत बसवायचं. त्याची चिडचिड होते, त्याला भीती वाटते. शेपटीतून रक्ताचा थेंब घ्यायचा, नंतर पुन्हा घ्यायचा, आणि बघायचं की रस किती लवकर उतरतो. तापातून गेलेल्यांचा उशिरा उतरेल, असा सगळ्यांचा अंदाज होता.

दारावर मॅडमनी मोठी पाटी लावली. पिल्लांना हात लावू नये.

शेवंताबाईला वाचता येत होतं. पण पाट्या माणसांसाठी असतात आणि आपण घरातले, असं तिचं मत. ती मालवणकडची, राहायला वाकोल्याला, माझ्याहून वयाने मोठी. इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी तिने एका पिंजऱ्यात डोकावलं. गुलाबी पिल्लं, डोळे मिटलेले, शेंगदाण्यापेक्षा थोडी मोठी. नेहमी वळवळतात, ती त्या दिवशी निपचित होती.

"अगो सुमन, ह्यां बघ. पोरां मलूल पडलीहत."

"त्यांना औषध दिलंय. उतरेल."

"औषध खंयचा? ह्यांका दिष्ट लागलीहा. तो वरचो पांढऱ्या कोटवालो रोज काचेतून डोळे फाडून बघता, लागतली नाय तर काय?"

पांढऱ्या कोटवाले म्हणजे आमचे सर, खात्याचे मुख्य.

आमच्या घरात दृष्टबिष्ट मानत नाहीत. वडिलांनी देव आणि लिंबू-मिरच्या एकाच दिवशी गावच्या ओढ्यात सोडल्या होत्या. म्हणून मी फक्त म्हटलं, "मला यात धरू नकोस."

"धरूचा नाय. सुटे आसत? मीठ-मोहरी आणूक व्हयी. सुक्यो मिरच्यो पण. माझी पर्स लॉकरात."

तिची पर्स नेहमी लॉकरातच असायची. मी पैसे दिले. न मानणाऱ्या बाईच्या पैशाने मोहरी आली.

मला वाटलं ती पिंजऱ्यावरून मूठ फिरवेल आणि संपेल. दुपारी मी भुशाची पोती उतरवून घ्यायला मागच्या दाराला असायची, त्यामुळे पुढचं मला नंतर कळलं. शेवंताबाईच्या म्हणण्याप्रमाणे आईसमोर लेकराची दृष्ट काढायची नाही, आईचीही लागते. म्हणून ती सगळी पिल्लं कापूस घातलेल्या टोपलीत उचलून पिंजरे धुवायच्या खोलीत न्यायची, तिथे ऊब असते. एकेकाला तळहातावर घ्यायची आणि नीट, सावकाश ओवाळायची. "आल्यागेल्याची, सुईवाल्या हाताची, सरांच्या चष्म्याची, तपासणीला आलेल्या साहेबाची, अकाउंटवाल्या नाईकाची..." नाईकांचं नाव तिने तीनदा घ्यायचं ठेवलं होतं. सगळी झाली की टोपली परत आईपाशी. ताप उतरेपर्यंत काढायची म्हणून सुरू केलं आणि मग पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत रोज चाललं.

मिरच्या जाळायच्या कुठे हा प्रश्न होता. पहिल्या दिवशी तिने खोलीतल्या पाणी तापवायच्या शेगडीवर टाकल्या. छतावरचा धुराचा भोंगा वाजला, वरचे तीन मजले खोकत खाली रस्त्यावर आले, आणि नाईक सगळ्यांत पुढे. शेगडीवर हातमोजे पडले असतील, असं ठरलं. त्यानंतर शेवंताबाई रोजची मोहरी-मिरची कागदात बांधून वाकोल्याला न्यायची आणि घरच्या गॅसवर जाळायची. तिच्या शेजारणीने एकदा विचारलं, "मावशी, घरात लहान बाळ आहे का?" ही म्हणाली, "एक नाय, पुष्कळ आसत." अंधेरीच्या उंदरांसाठी वाकोल्याची चाळ खोकत होती.

मिठाच्या पाण्याच्या पिल्लांची मात्र तिने काढली नाही. त्यांना ताप कुठे होता?

दोन-अडीच महिन्यांत उंदीर मोठे झाले. नळीचे दिवस आले. मॅडम रक्ताच्या नळ्या घेऊन वर गेल्या आणि दोन दिवसांनी खाली आल्या त्या सरळ धुवायच्या खोलीत. उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसल्या.

"काय झालं, मॅडम?"

"सगळं उलटं आलंय, सुमनताई. ताप आलेले उंदीर एकदम शांत. रस चढतो आणि लगेच उतरतो. ज्यांना काही केलं नाही त्यांच्यापेक्षाही शांत. हे होऊच शकत नाही." मग नाक पुसत म्हणाल्या, "बाबांना काय सांगू? उंदीर सुखी निघाले म्हणून डिग्री नाही?"

मी त्यांना चहा आणून दिला. शेवंताबाई मात्र पिंजरा घासता घासता हे ऐकत होती आणि तिचा चेहरा असा फुलत चालला होता, जसा मुलगा पहिला आल्यावर आईचा फुलतो.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हाला उभं केलं. सर उंच, हळू बोलणारे, आणि हळू बोलले की जास्त भीती वाटायची. माझा तर रस चढला आणि उतरायचं नाव घेईना.

"तापाच्या पिल्लांना कोणीतरी हात लावलाय," सर म्हणाले. "मला रागवायचं नाही. फक्त कळायला हवं. कोणी?"

"मी!" शेवंताबाई एक पाऊल पुढे आली, पदर सारखा केला. तिला वाटलं, बक्षीस आहे. "मीच काढलंय दिष्ट. रोज काढलंय, सर. एक दिवस खाडो नाय. म्हणून तर पोरां एवढी गुणी झाली."

सरांनी चष्मा काढला. मॅडमनी भिंत धरली.

"दृष्ट," सर म्हणाले. "म्हणजे काय केलंत? पहिल्यापासून सांगा."

तिने सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, करून दाखवलं. टेबलावरचं खोडरबर तळहातावर घेऊन ओवाळलं. "आल्यागेल्याची, सुईवाल्या हाताची, सरांच्या..." इथे ती जरा थांबली. "...ह्याची-त्याची."

"आणि टोपली परत ठेवली की आई काय करायची?"

"काय करतली? झडप घालून एकेकाक चाटत बसायची. अर्धो दिवस चाटायची. माझो वास पुसून काढूक."

सर खुर्चीत बसले. आणि मग एवढे हसले, एवढे हसले, की बाहेरून शिपाई बघायला आला. मॅडमना वाटलं, सरांचं काहीतरी बिनसलं.

हसणं थांबल्यावर त्यांनी समजावलं. पिल्लू थोडा वेळ बाहेर जाऊन परत आलं की आई त्याला दुपटीने चाटते, आणि त्या चाटण्याने मेंदूतले ते कान वाढतात. हे शास्त्रवाल्यांना फार आधीपासून माहीत आहे, पुस्तकात आहे. तापाने कान कमी झाले असतील, आणि शेवंताबाईच्या टोपलीने ते परत वाढवले असतील.

"पुस्तकात दिष्ट आसा?" शेवंताबाईने विचारलं.

"टोपली आहे. दृष्ट नाही."

"मगे अर्धाच पुस्तक झाला."

मॅडम मात्र रडवेल्या. "सर, पण माझा प्रयोग तर गेला ना?"

"हा गेला. पण याच्यातून याहून चांगला प्रश्न हातात आलाय. तान्हेपणीच्या सुजेने जे बिघडतं, ते आईच्या मायेने भरून निघतं का? वर्ष संपायला वेळ आहे. करायचा पुन्हा?"

करायचा ठरला. मॅडमची डिग्री आता शेवंताबाईच्या टोपलीत होती.

या वेळी चार गट. पहिल्याला काहीच नाही. दुसऱ्याला ताप, आणि हात लावायचा नाही. तिसऱ्याला ताप, आणि रोज नुसतं टोपलीत घालून बाजूला ठेवायचं, मुकाट्याने. ते काम माझ्याकडे आलं, कारण मुकाट्याने म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. चौथ्याला ताप आणि शेवंताबाई, मीठ-मोहरीसकट. मोहरीचा काही गुण असलाच तर तोही कळावा, असं सर म्हणाले. प्रयोगांना परवानगी देणारी एक समिती असते, तिच्या अर्जात त्यांनी लिहिलं, "मूठ बंद करून पिल्लांभोवती हात फिरवणे." प्राण्याला वेदना? नाही. समितीने एवढंच विचारलं की मुठीत काय आहे. मिरच्या जाळायच्या नाहीत या अटीवर परवानगी मिळाली.

मीठ-मोहरी आता लॅबचं सामान झालं, पण आणायची मीच, माझ्या पैशाने, आणि बिल वर अकाउंट्सला. नाईकांनी पहिलं बिल परत पाठवलं. मला वर बोलावलं.

"हे काय? मोहरी? उंदीर फोडणी घालतात का?"

"ओवाळायला, साहेब."

"खातात का?"

"नाही."

"मग खाद्यात बसत नाही. मीठ एक वेळ रसायनात बसेल, पण रसायन ठरलेल्या पुरवठादाराकडून घ्यायचं, वाण्याकडून नाही. मिरच्या तर कशातच नाहीत. आणि तो तुमचा मिशीवाला कुठे असतो हल्ली?"

"पिंजऱ्यात."

"कुलूप आहे?"

मी हो म्हणून खाली आले. नंतरची बिलंही तशीच पडून राहिली. स्वतःचे पैसे मागायचे म्हणजे मला अनोळखी माणसाच्या घरात पाणी मागण्यासारखं वाटतं.

खरी पंचाईत दुसऱ्या गटाची झाली. ताप आलेली, आणि कोणी हात लावायचा नाही. शेवंताबाई त्या पिंजऱ्यापुढून जाताना कण्हायची. "त्या बिचाऱ्यांनी काय केल्यानी? बाजूवाल्यांक दिष्ट आणि ह्यांका नाय?" मलाही वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. पण त्यांना हात लागला असता तर तुलना कशाशी करणार?

एका दुपारी मी बाटल्या घेऊन आत आले तर ही नेमकी त्या पिंजऱ्यापुढे उभी. झाकणावर एक हात. दुसऱ्या हाताची मूठ बंद.

माझ्या आयुष्यात मी एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. "शेवंताबाई! हात खाली!"

खोलीतले सगळे उंदीर दचकले. तीसुद्धा.

"अगो, मी नुसता बघतंय."

"मुठीत काय आहे?"

ती म्हणाली, "मोहरी. पण थोडीच."

"मॅडमची डिग्री आहे ती. यांना हात लागला की मॅडम सांगलीला."

तिने झाकणावरचा हात काढला. "भरलेली मूठ अशी परत खाली ठेवूची नाय गो. कोणाची तरी काढूक व्हयी."

तेवढ्यात अश्विनी मॅडम शेजारच्या धुवायच्या खोलीत आल्या, कानाला फोन लावून. सोमवार होता. मशीन बंद, त्यामुळे बाबांचं सगळं ऐकू येत होतं, आणि मॅडमचा चेहरा अगदी दुसऱ्या गटातल्या पिल्लासारखा झाला होता. त्यांनी फोन ठेवला आणि शेवंताबाईने माझ्याकडे बघितलं. मी आठवून पाहिलं. मॅडम कुठल्याच गटात नव्हत्या.

"काढ," मी म्हटलं.

"बसा, मॅडम," शेवंताबाईने तिकडे जाऊन बादली उलटी केली. "पूर्वेकडे तोंड करा."

"मावशी, मी सायन्सची आहे."

"असूंदे. तोंड पूर्वेकडे करा."

आणि तिने काढली. साग्रसंगीत. "आल्यागेल्याची, सांगलीच्या फोनाची, वर्ष संपल्याची, अकाउंटवाल्या नाईकाची..." मॅडम आधी हसत होत्या, मग डोळे मिटून बसल्या, आणि उठल्या तेव्हा म्हणाल्या, "खरंच जरा बरं वाटलं. हे कुठे लिहायचं नाही हं." मी लिहिलंय. पण गादीखाली जाणार आहे.

पिल्लं वाढली, नळ्या झाल्या, रक्त झालं. त्यानंतरचं एक काम असतं, मेंदूतल्या त्या जागा मोजायचं. त्यासाठी उंदीर जिवंत राहत नाही. त्या दिवशी मी आत गेले नाही. कधीच गेले नाही, इतक्या वर्षांत. जे सांभाळतात त्यांना सर त्या दिवशी सुट्टी घ्या म्हणायचे. मी सुट्टी घ्यायची नाही, मागच्या दारी बसून बाटल्या घासायची, स्वच्छ असलेल्यासुद्धा. माणसांच्या लेकरांसाठी आहे हे मला समजतं. पण मी ज्यांना तळहातावर घेऊन टोपलीत ठेवलं होतं, त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. पुढे जाते.

निकाल लागला. दुसरा गट, हात न लागलेला, त्याचा रस चढला तो उतरायला तयार नाही, आणि मेंदूतले कान खरोखर कमी. मॅडमचा पहिला अंदाज बरोबर होता. तिसरा गट शांत. चौथाही शांत. माझ्या मुक्या टोपलीत आणि शेवंताबाईच्या मोहरीच्या टोपलीत तसूभर फरक नाही.

मॅडमनी भीतभीतच तिला सांगितलं. "मावशी, मोहरीने काही फरक पडला नाही. सुमनताईंनी नुसतं उचललं, तरी तेवढाच गुण."

मला वाटलं तिला लागेल. ती माझ्याकडे वळली आणि खांद्यावर चापट मारून म्हणाली, "बघलंस? मगे तू पण दिष्टच काढलंस गो. फक्त मोहरी वाचवलंस."

मॅडमचा प्रबंध मान्य झाला. तोंडी परीक्षेला बाबा सांगलीहून आले, कडक इस्त्रीचे, आणि मागच्या रांगेत बसून सगळ्या इंग्रजीला मान हलवत होते. संपल्यावर मॅडम धावत खाली आल्या. हातात एक कागद. संस्था सोडताना प्रत्येक खात्याची सही लागते, की या विद्यार्थ्याकडून आमचं काही येणं नाही. त्याशिवाय डिग्री नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या, अकाउंट्सचीसुद्धा. फक्त अ‍ॅनिमल हाऊस राहिलं होतं, आणि तिथे सही माझी.

मी पेन टेकवलं. शेवंताबाईने ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"येणा आसा."

"काय?" मॅडम गोंधळल्या. "पिंजरे दिले, बाटल्या दिल्या..."

"मीठ-मोहरीचे पैसे. हिच्या पर्सातून गेलेहत, पहिल्या मोहरीपासून. ही मागूची नाय, मी सांगतंय."

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. "राहू द्या हो, मॅडम, काही नाही ते..."

"सुमनताई, तुमच्या पैशाने? मला वाटलं लॅबमधून येतंय!" मॅडम पर्स उघडायला लागल्या.

"तुमचे नको," शेवंताबाई म्हणाली. "सामान लॅबचा. पैसे त्या नाईकान देऊक व्हये. तोपर्यंत सही नाय."

मॅडम वर पळाल्या. बाबाही मागोमाग गेले, त्यांना काहीच कळलं नव्हतं, पण मुलीचं अडलंय एवढं कळलं होतं. वर काय बोलणं झालं देव जाणे, म्हणजे मी मानत नाही, पण जाणे. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. नाईक स्वतः खाली आले होते. भाऊसाहेबांच्या प्रसंगानंतर पहिल्यांदा. दाराच्या बाहेरच थांबले, एक पाय पायरीवर ठेवून.

"तो आहे का आत?"

"कुलपात आहे," मी म्हटलं. खरं तर भाऊसाहेब म्हातारे होऊन कधीच गेले होते. पण नाईकांना कशाला सांगा.

"कशात घालू हे मला अजून समजलेलं नाही," नाईक म्हणाले. "शेवटी 'पशुवैद्यकीय उपचार' लिहिलं. घ्या. फोनवर पाठवू?"

माझा फोन बटणांचा. त्यांनी पाकीट दिलं. मी तसंच पर्समध्ये टाकणार, तर शेवंताबाई म्हणाली, "मोज." माणसासमोर पैसे मोजायची मला लाज वाटते, म्हणून तिनेच मोजले. चार रुपये कमी होते.

"शेवटच्या मिरच्यो," ती म्हणाली.

नाईकांनी खिसे चाचपले. एका खिशातून दोन रुपये निघाले. दुसऱ्यातून काही निघेना. तेव्हा अश्विनी मॅडमचे बाबा पुढे झाले, इस्त्रीच्या खिशातून दोन रुपयांचं नाणं काढून माझ्या हातावर ठेवलं आणि विचारलं, "आता झाली ना हो माझी मुलगी डॉक्टर?"

मी मान हलवली. मॅडमच्या कागदावर सही केली. मग नाईकांनी त्यांचा कागद पुढे केला. त्यावर, उंदीर चालून गेल्यासारख्या माझ्या अक्षरात, मी लिहून दिलं: मीठ, मोहरी व मिरच्यांचे सर्व पैसे मिळाले. आता काही येणे नाही.